खुर्चीवरून उठलेला माणूस

खुर्ची मिळवावी कशी, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. मिळालेली खुर्ची टिकवावी कशी, हेही माणूस आपोआप शिकतो. गावच्या सहकारी सोसायटीच्या चेअरमनपासून एखाद्या साहित्यसंस्थेच्या कार्याध्यक्षापर्यंत कोणाकडेही पाहावे. या विद्येत कोणी नापास झालेला आढळत नाही. तिसरी एक विद्या आहे. खुर्चीवरून उठावे केव्हा, ही ती विद्या. तिचे वर्ग कोठे भरत नाहीत आणि तिच्यात उत्तीर्ण झालेल्यांची यादी करू गेल्यास हाताची बोटेही पुरून उरतात.

आपल्या इतिहासात या बाबतीत पहिले नाव आठवते ते रामशास्त्री प्रभुण्यांचे. परंतु रामशास्त्र्यांनी पुणे सोडले ते अन्याय सहन होईना म्हणून. तेथे रक्त सांडले होते, राज्याचा धनीच आरोपी होता. अशा वेळी उठून जाण्याला फार मोठे धैर्य लागते, यात शंका नाही. पण ज्या माणसाची हकीकत मी आज सांगणार आहे, त्याच्यावर कोणी अन्याय केला नव्हता. त्याच्याविरुद्ध कट नव्हता, बंड नव्हते, मुदतही आली नव्हती. संस्था भरभराटीला आली होती, सहकारी त्याला मानीत होते, सरकार खूश होते. वय पंचेचाळिशीच्या आसपासचे. आणि अशा भरल्या ताटावरून तो उठला व म्हणाला, आता दुसऱ्या कोणी बसावे. एवढ्यावरच तो थांबला नाही. उठून तो घरी गेला नाही किंवा दिल्लीलाही गेला नाही. ज्या संस्थेचा तो कालपर्यंत प्रमुख होता, तिच्यातच आजपासून साधा प्राध्यापक म्हणून राहिला.

या माणसाचे नाव रवि जॉन मथाई. अहमदाबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचे ते पहिले पूर्णवेळ संचालक होते. १९६५ ते १९७२.

व्यवस्थापनशास्त्राशी माझा संबंध काय, असे वाचक विचारतील. काही नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पोट शाळेवर चालते आणि हौस कादंबरीची आहे. नफातोट्याचे गणित मी मुलांकडून सोडवून घेतो, स्वतःच्या संसारात ते मला कधी सुटलेले नाही. पण शाळा म्हणजे काय आणि तिच्यात हेडमास्तर नावाच्या माणसाने काय करावे व काय करू नये, हा माझ्या रोजच्या विचाराचा विषय आहे. मथाईंची शाळा मोठी, आमची लहान. एवढाच काय तो फरक.

*

या शाळेच्या जन्माची कथा मुंबईपासून सुरू होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. स्वातंत्र्यानंतर देशात धरणे उभी राहिली, पोलादाचे कारखाने उभे राहिले; मग ते चालवणारी माणसे कोठून आणावयाची, हा प्रश्न निघाला. इंजिनिअर होते, हिशेबनीस होते. व्यापाराचे शिक्षणही आपल्याला नवे नव्हते; मुंबईचे सिडनहॅम कॉलेज १९१३ सालचे. परंतु अनेक खात्यांचा मेळ घालून निर्णय घेणारा माणूस शाळेत घडवता येतो, ही कल्पना नवी होती. फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने १९५९ साली जॉर्ज रॉबिन्स हे कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक येथे आले, हिंडले, आणि त्यांनी अहवाल दिला. संस्था काढा, पण तिला सरकारी खात्याचे किंवा विद्यापीठाचे शेपूट करू नका, असा त्याचा मथितार्थ होता. जागा त्यांनी सुचवली ती मुंबई.

पण लग्न जमले ते दुसरीकडेच. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याचे दोन भाग झाले. नव्या गुजरातला आपली म्हणून एखादी मोठी संस्था हवी होती. विक्रम साराभाई, गिरणीमालक कस्तुरभाई लालभाई आणि मुख्यमंत्री डॉ. जीवराज मेहता अशी तीन वजनदार माणसे एका बाजूला उभी राहिली. (हे जीवराज मेहता म्हणजे आपल्या परळच्या के. ई. एम. रुग्णालयाचे पहिले डीन. माणसे घडवणाऱ्या संस्था कशा उभ्या करतात, हे त्यांनी मुंबईतच पाहिले होते.) १९६१ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याची संस्था निघाली आणि ११ डिसेंबर १९६१ रोजी अहमदाबादची. मुंबईच्या विद्यापीठाने १९६५ साली स्वतःची जमनालाल बजाज संस्था काढली, ती नामांकित झाली. पण आयआयएम हे नाव मुंबईला लागायला २०२३ साल उजाडावे लागले; पवईच्या नीटी या जुन्या संस्थेला तेव्हा ते मिळाले.

अहमदाबादची संस्था पहिल्यांदा शाहीबागेतील एका बंगल्यात भरत असे. साराभाई मानद संचालक होते. पण साराभाई हे एका जागी सापडणारे गृहस्थ नव्हते. वैश्विक किरणांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा त्यांची, कापडगिरण्यांची संशोधनसंस्था त्यांची, घरचे कारखाने त्यांचे. आणि १९६३ साली केरळच्या थुंबा किनाऱ्यावरून पहिले रॉकेट उडाले तेही त्यांच्याच देखरेखीखाली. अशा वेळी संस्थेच्या अभ्यासक्रमांची घडी बसवण्याचे काम कमला चौधरी या मानसशास्त्रज्ञ विदुषींनी केले. अमेरिकेतील हार्वर्ड बिझनेस स्कूलशी सहकार्याचा करार १९६२ साली झाला. तिकडचे प्राध्यापक इकडे आले, इकडचे तरुण तिकडे शिकून आले. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा पहिला वर्ग १९६४ साली भरला.

हार्वर्डहून आली ती मुख्य वस्तू म्हणजे केस. ती काय असते, हे दिवाळी अंकाच्या वाचकांना समजावून सांगणे मला सोपे आहे, कारण उदाहरण आपल्या हातातच आहे.

समजा, एका संपादकाने दिवाळी अंक काढायचे ठरवले. कागदाचे भाव वाढले आहेत. छापखानेवाला म्हणतो, दोन हजारांऐवजी पाच हजार प्रती काढल्या तर दर प्रतीमागे खर्च कमी येईल. एजंट म्हणतो, घेतो, पण न खपलेले अंक परत करीन. नामवंत लेखकाने कथा कबूल केली आहे, अजून दिलेली नाही. जाहिरातदार म्हणतो, अंक धनत्रयोदशीच्या आधी पंधरा दिवस बाजारात आला नाही तर पैसे मिळणार नाहीत. आता संपादकाने काय करावे? प्रती किती काढाव्या? नामवंतासाठी थांबावे, की नवख्याची कथा छापून मोकळे व्हावे? किंमत वाढवावी, की पाने कमी करावी? का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढल्यापासून दर वर्षी कोणी ना कोणी संपादक या प्रश्नांनी रात्र रात्र जागला असेल.

हेच सारे आकड्यांसकट दहापंधरा पानांत लिहून काढायचे आणि शेवटी उत्तर द्यायचे नाही. झाली केस तयार. विद्यार्थ्यांनी ती रात्री वाचून यायची. वर्गात मास्तर व्याख्यान देत नाही. तो एकाला उठवतो आणि विचारतो, तुम्ही संपादक असता तर काय केले असते? तो काही सांगतो. दुसरा ते खोडतो. तिसरा म्हणतो, दोघांनीही परत येणाऱ्या अंकांचा हिशेब धरलेलाच नाही. तास संपतो तेव्हा फळा भरलेला असतो आणि बरोबर उत्तर कोठेही नसते. पुस्तकाच्या मागे उत्तरे पाहण्याची सवय लागलेल्या मुलांना सुरुवातीला हे फार जड जात असणार. पण आयुष्याच्या पुस्तकाला मागची पाने नसतातच, एवढे तरी त्यांना लवकर कळते.

*

साराभाईंना जागी बसणारा माणूस हवा होता. १९६५ साली त्यांनी निवड केली ती ३८ वर्षांच्या मथाईंची. घराणे मोठे. वडील डॉ. जॉन मथाई हे देशाचे पहिले रेल्वेमंत्री, मग अर्थमंत्री, पुढे स्टेट बँकेचे पहिले अध्यक्ष; आणि १९५५ ते १९५७ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. आई अचम्मा मथाई या नावाजलेल्या समाजसेविका. रवि मथाईंचे शिक्षण डून स्कूल आणि ऑक्सफर्ड येथे झाले. काही वर्षे कलकत्त्यास कंपनीत नोकरी केली, मग तेथल्याच नव्या आयआयएममध्ये प्राध्यापक झाले. डॉक्टरेट त्यांनी केली नव्हती. ज्या संस्थेत पुढे पीएच. डी. वाल्यांची रांग लागली, तिचा पाया घालणाऱ्याच्या नावामागे ‘डॉक्टर’ नव्हते, ही गोष्ट मी मॅट्रिकवाला मोठ्या आनंदाने नमूद करून ठेवतो.

ते आले तेव्हा संस्था होती, पण संस्थेला स्वभाव नव्हता. पैसा सरकारचा व उद्योगपतींचा, पद्धत हार्वर्डची, जागा भाड्याची. वस्त्रापूरच्या माळावर लुई कान या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाच्या विटांच्या इमारती उठत होत्या. त्या मोठ्या गोल कमानी आणि त्यांच्या सावल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्या विसरता येत नाहीत. (कान यांचा अंत १९७४ साली न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनवर झाला. ते अहमदाबादहूनच परतत होते.) पण विटांची शाळा बांधणे आणि माणसांची शाळा बांधणे ही दोन निराळी कामे आहेत. दुसऱ्या कामाला नकाशा मिळत नाही.

मथाईंनी पहिली गोष्ट केली ती अशी, की संचालक म्हणजे साहेब नव्हे, हे वागण्यातून ठरवून टाकले. त्यांच्या लेखी संचालक हा समान माणसांतला एक. फार तर पहिला. अभ्यासक्रम काय असावा, कोणाला घ्यावे, कोणता नवा वर्ग काढावा, हे प्राध्यापकांनी एकत्र बसून ठरवावे. आपल्या नेहमीच्या कॉलेजातल्यासारखी खाती आणि त्या खात्यांवर जन्मभर बसलेले प्रमुख त्या संस्थेत रुजू दिले नाहीत. विषयांचे गट असत, त्यांचे प्रमुखपण हाती फिरत राही. प्रमुखपण हे पाळीने करावयाचे काम आहे, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर लक्ष ठेवण्यासारखे, ही भावना त्यामागे होती.

दुसरी गोष्ट स्वातंत्र्याची. संस्था ही नोंदलेली सोसायटी होती. विद्यापीठ नव्हती, म्हणून तिला पदवी देण्याचा अधिकार नव्हता. ती डिप्लोमा देई. पन्नास वर्षांहून अधिक काळ देशातले हुशार तरुण जिवाचे रान करून जे मिळवीत होते, तो कायद्याच्या दृष्टीने नुसता डिप्लोमा होता! पदवीचा अधिकार आला तो २०१७ च्या कायद्याने. पण पदवी नव्हती म्हणूनच विद्यापीठाचे नियम नव्हते, आणि नियम नव्हते म्हणून वर्षातून तीनदा अभ्यासक्रम बदलायचा झाला तरी कोणाची परवानगी काढावी लागत नव्हती. सरकारचा पैसा घ्यावा आणि सरकारचा हात मात्र खांद्यावर पडू देऊ नये, ही कसरत सोपी नाही. अनुदानाच्या शाळेत ज्यांनी नोकरी केली आहे, त्यांना मी काय म्हणतो ते समजेल. दिल्लीकडून येणारा दाब संचालकाने स्वतःच्या अंगावर घ्यायचा आणि वर्गात शिकवणाऱ्याला त्याची झळ लागू द्यायची नाही, असे मथाईंचे धोरण होते. घराण्याचे नाव त्या कामी उपयोगी पडले असेल. पण नाव असूनही दिल्लीपुढे वाकणारे पुष्कळ असतात.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. हार्वर्डचे मंत्र पाठ करून कंपन्यांसाठी साहेब तयार करणे, एवढेच या संस्थेचे काम असे पुष्कळांना वाटत होते. मथाईंना ते पुरेसे वाटले नाही. या देशात व्यवस्था लागत नाही ती काय फक्त गिरणीत? शेतमाल बाजारात पोचत नाही, दवाखान्यात डॉक्टर असून औषध नसते, शाळा असून शिक्षण नसते. हे सारे व्यवस्थापनाचेच प्रश्न आहेत. म्हणून शेती, सहकार, सरकारी कारभार, शिक्षण यांचा अभ्यास करणारे प्राध्यापक कंपन्यांचा अभ्यास करणाऱ्यांच्या शेजारी बसू लागले. हार्वर्डहून आलेल्या केसेसच्या जोडीला येथल्या केसेस लिहिल्या जाऊ लागल्या. आणलेले रोप या मातीत धरले, ते असे.

*

आणि मग १९७२ साल आले.

डिसेंबर १९७१ मध्ये साराभाई अचानक गेले. संस्था दहा वर्षांची झाली होती. तिची कीर्ती पसरली होती. अशा संस्थेच्या प्रमुखाने साधारणपणे काय करावे, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याने आपली मुदत वाढवून घ्यावी. मग षष्ट्यब्दीपर्यंत राहावे. सभागृहात आपले तैलचित्र लागावे आणि त्या तैलचित्राखाली बसूनच पुढच्या संचालकाला सल्ला द्यावा.

मथाईंनी संचालकपद सोडले. त्यांचा विचार असा होता, की प्रमुखाचे काम हे ठरावीक काळाचे असावे. फार काळ एकच माणूस बसला की संस्था त्याची सावली होते. त्याच्या गुणांनी वाढते तशी त्याच्या दोषांनी खुंटते. आणि प्रमुखपद हे जर समानांतल्या एकाने करावयाचे काम असेल, तर ते झाल्यावर पुन्हा समानांत येऊन बसता आले पाहिजे. ते येता येत नसेल, तर समान म्हणणे हे नुसते बोलणे ठरते. त्यांच्यामागून सॅम्युअल पॉल संचालक झाले आणि मथाई प्राध्यापकांच्या रांगेत जाऊन बसले.

कादंबरीकार म्हणून मला हा प्रसंग फार गैरसोयीचा वाटतो. राजीनाम्याला कारण लागते. वडिलांच्या राजीनाम्याला कारण होते. जॉन मथाई अर्थमंत्री असताना नियोजन मंडळाच्या अधिकारांवरून मतभेद झाला आणि १९५० साली ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. त्या प्रसंगात नाट्य आहे: एकीकडे नेहरू, दुसरीकडे अर्थमंत्री. मुलाच्या राजीनाम्यात दुसरी बाजूच नाही. कोणाशी भांडण नाही, कोणाला धडा शिकवायचा नाही. नुसती एक समजूत आहे आणि त्या समजुतीप्रमाणे वागणे आहे. पण मास्तर म्हणून विचार करतो तेव्हा वडिलांपेक्षा मुलाचे उठणे मला अधिक अवघड वाटते. रागाच्या भरात माणूस खुर्ची लाथाडून देतो. मन शांत असताना, सर्वजण बसा बसा म्हणत असताना उठणे कठीण.

आणि उठून तेथेच राहणे त्याहून कठीण. मी एका शाळेत काही वर्षे होतो. तेथे जुने हेडमास्तर निवृत्त झाल्यावरही रोज शाळेत येत. ते व्हरांड्यात उभे राहिले की नव्या हेडमास्तरांचा आवाज बसे. शिपाई घंटा देण्याआधी जुन्यांच्या तोंडाकडे पाही. दोन वर्षांत नवे गृहस्थ बदली मागून गेले. जुना प्रमुख जवळ असणे म्हणजे काय, ते मी पाहिलेले आहे. मथाई ज्या इमारतीत संचालक होते त्याच इमारतीत बारा वर्षे प्राध्यापक राहिले आणि तरी त्यांच्यानंतरचे संचालक आपल्या बुद्धीने कारभार करू शकले. याचे श्रेय जाणाऱ्याला द्यावे की येणाऱ्याला? मला वाटते दोघांनाही. पण आधी जाणाऱ्याला. अधिकार सोडल्यावर अधिकाराची सवय सोडणे, हे खरे सोडणे. त्या संस्थेत तो पायंडाच पडला. संचालकपद भोगून पुन्हा वर्गात उभे राहण्यात तेथे कोणाला कमीपणा वाटेनासा झाला.

*

खुर्ची सोडून त्यांनी काय केले? येथे गोष्ट अहमदाबादेतून निघते आणि राजस्थानात जाते.

अजमेर जिल्ह्यात जवाजा नावाचा विकासगट आहे. सुमारे २०० खेडी, ८०,००० च्या घरात वस्ती, आणि अवर्षण पाचवीला पुजलेले. सरकारी कागदांच्या दृष्टीने तेथे साधनसंपत्ती नव्हती. होती ती नुसती माणसे. मथाईंनी १९७५ साली नेमके ते ठिकाण निवडले. त्यांचा प्रश्न असा होता, की जेथे माणसांखेरीज काही नाही, तेथे माणसे हीच साधनसंपत्ती का होऊ नये? आपण मोठमोठ्या कंपन्यांना व्यवस्था शिकवतो. ती विद्या खरी असेल तर जवाजातही चालली पाहिजे. जवाजात चालत नसेल, तर अहमदाबादेतही तिची किंमत विचारावी लागेल.

या कामाला त्यांनी नाव दिले ‘ग्रामीण विद्यापीठ’. वाचकांनी इमारत डोळ्यांपुढे आणू नये. या विद्यापीठाला भिंत नव्हती, घंटा नव्हती, प्रवेशपरीक्षा नव्हती. खेडे हाच वर्ग आणि पोट भरण्याचा धंदा हाच अभ्यासक्रम. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील मंडळी त्यांच्या जोडीला आली. अशोक चॅटर्जी तेव्हा तिचे प्रमुख होते. जवाजात चामड्याचे काम करणारे रेगर होते, विणकर होते. हात कसबी होते, पण कातडे कोणाकडून घ्यावे आणि जिन्नस कोणाला विकावा, हे ठरवणारे दुसरेच होते. कारागिराच्या वाट्याला कर्ज आणि जातीची अवहेलना एवढेच उरे.

तेथे मग जे शिक्षण झाले, ते मला हार्वर्डच्या केसपेक्षा अवघड वाटते. शहरात विकली जाईल अशी चामड्याची पिशवी कशी असावी. आपल्याच हत्यारांनी, आपल्याच माणसांना ती करता येईल अशी तिची घडण कशी ठेवावी. माल एकत्र कसा घ्यावा. हिशेब कोणी लिहावा. बँकेत जाऊन साहेबांसमोर खुर्चीवर कसे बसावे. आणि भांडण झाले तर ते सावकाराकडे न नेता आपसांत कसे मिटवावे. शेवटच्या दोन धड्यांना कोठल्याही पाठ्यपुस्तकात प्रकरण नाही. दया म्हणून एखाद्याने पिशव्या विकत घेतल्या तर त्या एकदाच विकल्या जातात. चांगल्या आहेत म्हणून घेतल्या तर पुन्हा मागणी येते. म्हणून माल उत्तम झाला पाहिजे, हा आग्रह पहिल्यापासून होता.

आणि दुसरा आग्रह होता तो बाहेरच्यांनी निघून जाण्याचा. आम्ही येथे कायमचे राहणार नाही; आमच्यावाचून तुमचे चालू लागले, तरच आमचे काम झाले. खेडेगावात सुधारणा करायला जाणारे लोक मी पाहिले आहेत. काही आठ दिवसांत पळतात, काही जन्मभर राहतात आणि मग गाव त्यांच्या तोंडाकडे पाहू लागते. पळून जाणे वेगळे आणि काम मार्गी लावून निघणे वेगळे. १९७२ साली संचालकाच्या खोलीत जे मथाईंनी केले, तेच त्यांना जवाजाच्या उन्हात करायचे होते. मोठा माणूस गेल्यावर कोसळते ते काम नव्हे, तो त्या माणसाचा देखावा, असा त्यांचा हिशेब असावा.

हा हिशेब तपासण्याची वेळ फार लवकर आली. १९८४ च्या फेब्रुवारीत मथाई गेले. त्यांनी साठीही गाठली नव्हती. जवाजाच्या प्रयोगावरचे त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९८५ साली, बाहेर आले. विकत घेणाऱ्या शहरी कंपनीचे संचालक सोडाच, बँकेच्या कारकुनालाही ज्यांची भीती वाटे, त्या कारागिरांची ‘आर्टिझन्स अलायन्स ऑफ जवाजा’ ही संघटना मात्र त्यांच्यामागे टिकली. चामड्याच्या त्या पिशव्या व विणकरांचे ते गालिचे शहरांतल्या चोखंदळ घरांत पुढेही जात राहिले. त्या खेड्यांतली गरिबी संपली, दुष्काळ हटला, जातीची भिंत पडली, असे कोणी सांगू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नये. २०० खेड्यांपैकी थोड्याच घरांचे भाग्य बदलले. पण ज्यांचे बदलले, त्यांनी ते आपल्या हातांनी बदलले.

मथाईंचा हात आणखी एका ठिकाणी लागला. आणंदला दूधवाल्या शेतकऱ्यांची संघटना उभी करणारे डॉ. वर्गीस कुरियन हे त्यांच्या नात्यातले. सहकारी संस्थांना व्यवस्थापक हवेत आणि शहरात शिकलेला तरुण खेड्यात टिकत नाही, हे दुखणे कुरियन यांना जाणवत होते. त्यातून १९७९ साली आणंदची ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था निघाली. तिच्या घडणीत मथाईंचा विचार होता.

*

आज आयआयएम हे नाव घराघरांत पोचले आहे. आपल्या नागपूरला २०१५ साली जी संस्था निघाली, तिचे बोट धरून तिला चालायला शिकवले ते अहमदाबादनेच. दर वर्षी पगारांचे आकडे वर्तमानपत्रांत येतात आणि ते वाचून बाप आपल्या मुलाकडे अपेक्षेने पाहतो. या दिवाळीतही फराळाच्या ताटाभोवती तो विषय अनेक घरांत निघेल. कोणाचा तरी भाचा प्रवेशपरीक्षेला बसलेला असतोच. त्याला यश मिळो. पगार वाईट वस्तू नाही. ज्याने मास्तरकी केली आहे तो तरी पगाराला नावे ठेवणार नाही.

पण त्या भाच्याला कोणीतरी हेही सांगावे, की ज्या लाल विटांच्या कमानीखाली जाण्यासाठी तू रात्री जागतो आहेस, तेथे एक संचालक होऊन गेला. त्याने सात वर्षांत एक मोठी शाळा उभी केली, तिला वळण लावले, आणि ती चालू लागली हे पाहताच तिच्या पाठीवरचा हात काढून घेतला. मग तो चामडे शिवणाऱ्या माणसांबरोबर जमिनीवर बसून तीच विद्या पुन्हा पहिल्यापासून तपासू लागला. व्यवस्थापन म्हणजे दुसऱ्यांकडून काम करून घेणे, अशी व्याख्या मी ऐकली आहे. मथाईंनी तिला आपल्या वागण्याने एक ओळ जोडली: दुसऱ्यांना काम करता येऊ लागले, की बाजूला होणे.

आपल्या शाळा, आपली मंडळे, आपल्या पतपेढ्या आणि आपली घरेदेखील या एका ओळीवाचून अडली आहेत, असे मला पुष्कळदा वाटते. कर्त्या मुलाच्या हाती तिजोरीची किल्ली न देणारा बाप आणि वीस वर्षे अध्यक्ष राहणारा पुढारी यांत फरक असतो तो खुर्चीच्या उंचीचा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण जुनी वही मिटतो आणि नवी उघडतो. जुनीत हिशेब कितीही चांगला असला, तरी नवी उघडावीच लागते. हे आपल्या वाडवडिलांनी वह्यांच्या बाबतीत पक्के केले आहे. माणसांच्या बाबतीत ते अजून व्हावयाचे आहे.